दुसरीचं लुगडं नेसलेलं गाणं

चतुराबाईंच्या घरात टाळीला अर्थ होते. एक टाळी म्हणजे इकडे या. दोन टाळ्या म्हणजे चुकलं. बाकी सगळं पाटीवर. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर छापल्यासारखं, त्यामुळे वाचणाऱ्याला त्रास नव्हता. गळ्यात स्वरयंत्र नसलं की माणसाचं किती थोड्या शब्दांत भागतं, हे त्यांची मुलगी पौर्णिमा हिला पहिल्या महिन्यातच कळलं.

त्याआधी दोन वर्षं गळा बसलेला होता. दुसऱ्या कुणाचा असता तर घरच्यांनी दवाखाना गाठला असता. पण चतुराबाई कव्वालीवाल्या. कव्वालीवाल्याचा गळा बसतोच. ज्याचा बसला नाही तो गायलाच नाही, असं त्यांच्या गाण्याच्या पार्टीत मानलं जाई. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. तंबाखूची गुडाखू मात्र सकाळ-संध्याकाळ दातांना लागतच राहिली. नागपूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" तेव्हा पौर्णिमाने खरं उत्तर दिलं. म्हणाली, "माय गाणारी आहे ना, म्हणून."

डॉक्टरने स्वरयंत्र काढलं आणि मानेच्या बुडाशी श्वासासाठी रुपयाएवढं भोक ठेवलं. त्यावर मलमलीचं फडकं. हसू आलं की हवा तिथून फुसकन बाहेर पडे आणि फडकं उडे. चतुराबाई हसल्या हे आता तेवढ्यावरून ओळखायचं.

त्या हसल्या ते फोनमुळे. पौर्णिमा जिल्हा परिषदेत कारकून, नवरा नितेश धारणीच्या आश्रमशाळेत मास्तर, शनिवारी येणारा. दवाखान्यात आईजवळ बसायला ती एकटीच. वेळ जावा म्हणून तिने यूट्यूबवर जुन्या कव्वालीचा एक मुकाबला लावून दिला. तो संपला आणि फोनने आपल्याच मनाने पुढचं काहीतरी सुरू केलं. काळं-पांढरं चित्र, त्यावर उभ्या रेघा. भरल्या अंगाची एक काळी बाई, डोक्यावर फुलांची टोपी, पियानोला टेकून उभी. डाव्या पायाने ठेका धरून गात होती. पौर्णिमा ते बदलायला गेली तर चतुराबाईंनी तिचं मनगट धरलं.

गाणं संपेपर्यंत सोडलं नाही. मग पाटी मागितली.

"दम कुठी घेते, पाय बरं."

"मले काय समजते माय? इंग्रजी हाय ते."

"दमाले भाषा नसते. चोरते. पक्की हाय."

दम चोरणं म्हणजे श्वास घेतला हे ऐकणाऱ्याला कळू न देणं. चतुराबाईंनी ते चाळीस वर्षं केलं होतं. आता श्वास चोरायची सोयच राहिली नव्हती. प्रत्येक श्वास भोकातून वाजत येई, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाई. म्हणूनही असेल, पण त्या दिवसापासून त्यांना तेच हवं असायचं. अमेरिकेतले सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे गाणारे-बजावणारे. ओसरीवर बसून गिटारवर गाणारा एक आंधळा म्हातारा. बुटाच्या टाचांनी फळीवर ढोलकीसारखं वाजवणारा दुसरा. तिसरा तर कपडे घासायचा पन्हाळी पत्रा छातीला लटकवून, बोटांत शिंप्याची अंगुस्तानं घालून तो खरवडायचा. त्याला पाहून फडकं पहिल्यांदा उडालं.

"आपल्या नत्थुजीले दाखवजो. ढोलकीचं ओझं वाचन त्याचं," त्यांनी लिहिलं. नत्थुजी पार्टीतला ढोलकीवाला.

घरी आल्यावर, अमरावतीत, रोज दुपारी जेवणानंतर एक तास हाच कार्यक्रम. कोण गातं, कधीचं आहे, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. ही सगळी माणसं मेलेली आहेत, एवढं त्यांनी एकदा पौर्णिमाकडून पक्कं करून घेतलं. मेलेली आहेत आणि गाताहेत.

एका दुपारी फार जुनी एक फिल्म लागली. सात-आठ जणांचा बाजा रस्त्याने चाललेला. ती मुकी फिल्म होती, आणि कुणीतरी हल्ली तिच्यावर पियानो टाकला होता. चतुराबाईंनी दोन टाळ्या वाजवल्या.

"काय चुकलं?"

"हात येगळा, आवाज येगळा. दुसरीचं लुगडं नेसवलं. बंद कर ते."

पौर्णिमाने आवाज बंद केला. चतुराबाई ड्रमवाल्याच्या हाताकडे बघत मांडीवर ठेका धरून बसल्या. फिल्म तीन वेळा पाहिली. मग पाटी पुसून लिहिलं, "माहं असं कुठी असन का?"

पौर्णिमाला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. कुठेच नव्हतं. तिच्या फोनमध्ये आईचे फोटो चारशेच्या वर, आणि आवाज म्हणाल तर एका व्हिडिओत, "पोळी करपली व," एवढाच. तोही बसलेल्या गळ्याचा.

जानेवारीत मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरने या वेळी काही विचारलं नाही. दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढची तारीख लिहिली नाही. गाडीत बसल्यावर चतुराबाईंनी लिहिलं, "नत्थुजीले बोलाव. बेबीच्या लग्नाची कॅसेट."

त्या कॅसेटमध्ये काय असणार, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

चतुराबाई तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातल्या. ज्या साली समाजाने धम्म घेतला त्याच साली जन्मल्या. कापूस वेचताना चार ओळींपलीकडच्या बायांना ऐकू जावं म्हणून वरच्या पट्टीत गायची सवय लागली, तीच पुढे कामी आली. बडनेऱ्याच्या पुंजाजीने हा आवाज ऐकला, लग्नाची बोलणी केली आणि पार्टी काढली. पुंजाजी बेंजोवर, नत्थुजी ढोलकीवर, पुढे चतुराबाई. त्या काळातल्या बहुतेक पार्ट्यांसारखं यांचंही काम चाले. पिक्चर लागला, गाणं गाजलं, की आठवड्याभरात त्या चालीवर बाबासाहेबांचं गाणं तयार. लोकांनाही ते आवडे, कारण चाल आधीच तोंडात बसलेली असे.

मूर्तिजापूरच्या एका मुकाबल्यात समोरच्या शायराने माइकवरून टोमणा मारला, "शब्द तुमचे, चाल पिक्चरची. बेंजोवाल्यापाशी सोताचं काई हाय का बापा, का बायकोचा गळाच तेवढा?" मांडव हसला. पुंजाजीही हसला. पण त्यानंतर तीन महिने तो बेंजो घेऊन एका गाण्यामागे लागला. चाल त्याची स्वतःची, शब्दही त्याचेच.

दिवा ठेवला भीमानं पाण्यावरती,
वारा सुटला तरी इझल्या ना वाती.

हे गाणं तीन वेळा गायलं गेलं. जयंतीला बडनेऱ्यात, मग मूर्तिजापुरात त्याच मैदानावर, आणि तिसऱ्यांदा शहाण्णवच्या मे महिन्यात, नत्थुजीची मुलगी बेबी हिच्या लग्नात, तेल्हाऱ्याला. जुलैत पुंजाजी काविळीने गेला.

चतुराबाईंनी पार्टी पुढे वीस वर्षं चालवली, पिक्चरच्या चालींवर. त्या गाण्याची फर्माईश आली की म्हणत, "ते मालकासंगं गेलं." लोकांना हे मोठं वाटे. कुणी आग्रह केला नाही, कुणी लिहून घेतलं नाही, कुणी टेप केलं नाही. पौर्णिमा तेव्हा अकरा वर्षांची. शाळेसाठी आत्याकडे राहायची, लग्नात जेवली आणि मांडवामागे पोत्यांवर झोपली. तिला शब्द माहीत होते, चाल नव्हती. म्हणजे पुंजाजीची एकुलती एक चाल आता दोनच ठिकाणी उरली होती. एक चतुराबाईंच्या डोक्यात, जिथून ती बाहेर काढायचा रस्ता डॉक्टरने काढून टाकला होता. दुसरी बेबीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये.

नत्थुजी बडनेऱ्याहून कॅसेट घेऊन आला. वय त्र्याहत्तर, रेल्वेतून रिटायर.

"जय भीम वहिनी. काय म्हन्ते तब्येत?"

चतुराबाईंनी हाताने पाण्याची लाट दाखवली.

"मले पाय, गुडघे गेले, डोळे गेले. तुमचं त एकच गेलं." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. "तसं नाई म्हन्लं म्या."

फडकं उडालं.

कॅसेटला बुरशी लागलेली. ती लावायचं मशीन अमरावतीत कुणाकडे सापडलं नाही. नत्थुजी म्हणाला, "ज्यानं काढली त्याच्यापाशीच जाऊ. बंडू हाय अजून अकोल्याले."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिघं अकोल्याला गेली. बंडूचं व्हिडिओ शूटिंग कधीच बंद पडलं होतं. आता तो फ्लेक्स छापायचा. दुकानात एका भिंतीला वाढदिवस, दुसऱ्या भिंतीला श्रद्धांजली. वाळत घातलेल्या एका मयताच्या फ्लेक्सखाली त्याने चतुराबाईंना खुर्ची दिली. जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायला त्याने एक व्हीसीआर जपून ठेवला होता. कॅसेट उघडली, रीळ कापसाने पुसलं, कोपऱ्यातला टीव्ही लावला.

आधी बदामाच्या आकारात बेबीचा फोटो फिरत आला. हळद, पाहुणे, आंब्याच्या डहाळ्या. सनई, मग पिक्चरची गाणी. बंडू कॅसेट पुढे पळवत होता. नत्थुजी ओरडला, "थांब! हे पाय, हे आपली पार्टी!"

दुपारचं ऊन मांडवाच्या कापडातून पिवळं उतरलेलं. पुंजाजी मान खाली घालून बेंजोवर. नत्थुजी ढोलकीवर, डोक्यावर सगळे केस. मधे चाळीस वर्षांच्या चतुराबाई, निळं लुगडं, उजवा हात वर. तोंड उघडलं.

आणि त्या तोंडातून त्या सालच्या एका गाजलेल्या पिक्चरमधली नटी गाऊ लागली. तीस व्हायोलिनं, गिटार, मधे शिट्टी.

पौर्णिमा म्हणाली, "बंडूभाऊ, आवाज?"

"हाच आवाज."

"हा नाई. माय गाऊन राहिली ना तिथी. तिचा आवाज."

"मिक्सिंगमध्ये गेला नं तो." बंडूला प्रश्नच कळला नव्हता. "ओरिजनल आवाज कोनी ठेवत नव्हतं ताई तवा. लग्नातला कलकलाट, लेकरं, भांडे. त्याच्यावरून गाने टाकत होतो. सर्वेच टाकत होते."

"आन् कॅमेऱ्यातली कॅसेट?"

"तिच्यावर दुसरं लग्न. मंग तिसरं."

नत्थुजी उठला. "अबे, गानं म्हनून राहिली बाई, आन् तू तिच्यावर गानं टाकलं? काहून टाकलं बे?"

"माह्यावर काहून तापता? म्या माह्या मनानं काईच नाई टाकलं. तुमीच चिठ्ठी देली होती." बंडूने कॅसेटचं खोकं उलटं केलं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत घडी घातलेला वहीचा कागद होता. त्याने तो नत्थुजीच्या हातात दिला. नत्थुजीला चष्म्याविना वाचता येत नव्हतं, त्याने तो पौर्णिमाला दिला.

एक नंबर, हळद. दोन नंबर, नवरदेव येतो तेव्हा. तीन नंबर, आपली पार्टी. पुढे त्या पिक्चरच्या गाण्याचं नाव. अक्षर छापल्यासारखं.

चतुराबाईंनी कागद घेतला, वाचला, नत्थुजीकडे पाहिलं. त्यालाही आता आठवलं. लिहिता येणारी बाई म्हणून गाण्यांची यादी करायचं काम त्यानेच वहिनींना दिलं होतं. ते गाणं त्यांच्या आवडीचं. पार्टी दिसेल तेव्हा ते आधी-मागे वाजेल, असं त्यांना वाटलं होतं. आयुष्यभर पिक्चरच्या चालीवर आपले शब्द चढवले. उलटंही होऊ शकतं, हे डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी पाटी काढली नाही. बंडूकडे बोट केलं आणि मूठ मिटून हवेत फिरवली. आवाज बंद कर.

बंडूने बंद केला. पडद्यावर मुकी पार्टी गाऊ लागली. तीन मिनिटं आणि काही सेकंद.

ते मुकं गाणं पौर्णिमाने फोनवर उतरवून घेतलं. त्यानंतरच्या दुपारी अमेरिकेची ती टोपीवाली बाई मागे पडली. चतुराबाई स्वतःलाच पाहत. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी पौर्णिमाला टाळीने बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. ओठ मिटले. पाटीवर लिहिलं, "भ". पुन्हा मिटले, "म". पुन्हा, "प". भीमानं, पाण्यावरती. पहिल्या ओळीत तीन वेळा ओठ मिटतात. तेवढ्यावरून कोणता शब्द कुठे पडतो ते लागलं.

दुसऱ्या ओळीत ओठ मिटतच नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंड उघडं.

नत्थुजी पुंजाजीचा बेंजो घेऊन आला. तो एवढी वर्षं त्याच्याकडे पार्टीच्या पेटीत पडून होता. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. दोन तारा तुटलेल्या, उरलेल्यांना गंज, वरच्या बाजूची चार बटणं रुतलेली. चतुराबाईंनी आयुष्यात कधी वाद्याला हात लावला नव्हता. पार्टीत ज्याचं काम त्याने करायचं, अशी रीत होती. डोक्यात चाल पूर्ण, बोटाला तिचा पत्ता नाही. त्या एक बटण दाबत, तार छेडत, मान हलवत, दुसरं दाबत.

"मी म्हनून पायतो," नत्थुजी म्हणाला. "तुमी नुसतं हो-नाई करा."

त्याने पहिली ओळ म्हटली. दोन टाळ्या. परत म्हटली. दोन टाळ्या. पौर्णिमाने फोन रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवला होता.

"काका, तुमी तर जयंतीतलं दुसरंच म्हनून राहिले."

"मी ढोलकीवाला हाव बाई. सुरातलं काई कळलं असतं त पुंजाजीनं मले मागे बसवलं असतं का?"

तीन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी पहिली ओळ बेंजोवर आली. अडखळत, गंजलेली, पण आली. चतुराबाईंनी ती चार वेळा वाजवली आणि पौर्णिमाकडे पाहिलं. पौर्णिमाने ती म्हणून दाखवली. टाळी वाजली नाही.

दुसरी ओळ वर जात होती. 'वारा सुटला' इथेच वर जात होती, रुतलेल्या बटणांकडे. चतुराबाईंनी बटण दाबलं, ते खाली गेलं आणि वर आलं नाही. नत्थुजीने ते सुईने उचकटायला घेतलं तेव्हा पट्टीच तुटली. त्यांनी बोट वर करून छताकडे दाखवलं. एवढं वर. मग आणखी थोडं वर.

"किती वर, वहिनी?"

त्यांनी तोंड उघडलं. ओठ, जीभ, हात, सगळं पडद्यावरच्या बाईसारखं हललं. मानेच्या भोकातून हवा आली, फडकं उडालं. नत्थुजीला आधी वाटलं त्या हसल्या.

पौर्णिमाने नवा बेंजो शोधायला ऑफिसातल्या अमोलला, एका बँडवाल्याच्या मुलाला, सांगून ठेवलं. तो मिळेपर्यंत मार्च उजाडला. चतुराबाईंचे हात तोवर सुजले होते, गोळ्यांनी दिवसभर गुंगी असे. नव्या बेंजोच्या बटणांवरून त्यांनी एकदा हात फिरवला. एप्रिलच्या दोन तारखेला त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाचा फ्लेक्स बंडूने अकोल्याहून आपणहून छापून पाठवला. बरोबर येईल असा फोटो त्याच्याकडे दुसरा नव्हता. त्याने कॅसेटमधूनच एक चित्र धरलं होतं. निळं लुगडं, हात वर. गाणाऱ्या बाईचं उघडं तोंड श्रद्धांजलीला बरं दिसत नाही, म्हणून पुढे-मागे करून मिटल्या ओठांची जागा शोधली, असं त्याने फोनवर सांगितलं. चेहरा शांत वाटत होता. आलेले लोक तसं म्हणालेही.

नत्थुजी चष्मा लावून फ्लेक्ससमोर बराच वेळ उभा राहिला. पौर्णिमा शेजारी आली.

"'भ' वर हाय," तो म्हणाला.

पौर्णिमाने निरखून पाहिलं. "मले 'प' वाटते काका."

"असन. 'भ' असन नाई त 'प' असन." त्याने चष्मा काढला. "पुसावं कोनाले आता?"